सप्लाय तोडला, तरी सेन्सर जागाच

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा अंदाज आधी यावा म्हणून पानांचा ओलावा, आर्द्रता, तापमान मोजणारी हवामान केंद्रं बसवलेली असतात. सगळी मदार बॅटरीवर, म्हणून दोन नोंदींच्या मधल्या वेळात सेन्सरचा सप्लाय तोडून ठेवतात. नाशिकच्या अंबडला असाच एक बोर्ड टेबलावर होता. सेन्सरचा ५ व्होल्टचा सप्लाय तोडलेला, तरी त्याच्या पिनवर मीटर २.७ व्होल्ट दाखवत होता. सेन्सर वाचणारा कंट्रोलर ३.३ व्होल्टचा, आणि तो चालूच होता. सिग्नलच्या तारेतून वीज उलटी चढत होती आणि वाटेत एका डायोडचे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचे) ०.६ व्होल्ट तेवढे कमी होत होते. लाइन बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला कुणाच्या तरी जनरेटरचा रिटर्न करंट लागतो, तसाच हा प्रकार.

हा डायोड आला कुठून? १९६४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने लॉजिक चिपची ५४०० मालिका काढली, पाठोपाठ ७४०० आली आणि ५ व्होल्टचा जमाना सुरू झाला. त्या टीटीएल (साध्या बायपोलर ट्रान्झिस्टरच्या) चिपच्या इनपुटला फक्त ग्राउंडकडचा डायोड असे. १९६८ च्या सुमारास आरसीएची ४००० मालिका आली, ती सीमॉसची, म्हणजे एन-मॉस आणि पी-मॉस अशा जोडीच्या ट्रान्झिस्टरची. त्यांच्या गेटखालचा (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकाखालचा) ऑक्साइडचा थर इतका पातळ, की बोटातल्या स्थिर विजेनेही फुटावा. त्याला जपायला इनपुटवर दोन डायोड बसले: एक ग्राउंडकडे, दुसरा सप्लायकडे. बंद चिपमध्ये वीज शिरते ती या दुसऱ्या डायोडमधून. राखणीला ठेवलेलाच दार उघडतो! ४०४९ आणि ४०५० या चिपमध्ये मात्र हा वरचा डायोड मुद्दाम गाळला होता, त्यामुळे जास्त व्होल्टचा सिग्नल ५ व्होल्टवर उतरवता येई.

पुढे व्होल्ट उतरत गेले. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टचा, १९९४ चा ३.३ चा, मग २.५, १.८. एकाच बोर्डावर दोन-तीन सप्लाय नांदू लागले, त्यातला एखादा बंद ठेवायची गरज पडू लागली, चालू यंत्रात कार्ड घालायची वेळ येऊ लागली. तेव्हा कळलं, की इनपुटचा डायोड काढून भागत नाही. आउटपुटला सप्लायशी जोडणाऱ्या पी-मॉस ट्रान्झिस्टरच्या पोटातच सप्लायकडे जाणारा एक डायोड दडलेला असतो. त्याची वाट अडवणारं सर्किट आत घातलं गेलं आणि डेटाशीटमध्ये ‘आय-ऑफ’ ही ओळ आली. एलव्हीसी या कमी व्होल्टच्या लॉजिक कुळातल्या कित्येक चिपमध्ये तिचा अर्थ असा: सप्लाय शून्य, पिनवर ५.५ व्होल्ट, तरी गळती फार तर १० मायक्रोअँप. डेटाशीट उघडल्यावर मी आता हीच ओळ आधी शोधतो.

एका व्होल्टचा सिग्नल दुसऱ्या व्होल्टमध्ये बदलणाऱ्या, दोन सप्लायच्या ट्रान्सलेटर चिपनी त्याही पुढची हमी दिली. एलव्हीसी१टी४५ सारख्या चिपमध्ये कुठलाही एक सप्लाय शून्यावर गेला, की दोन्ही बाजू हाय-इम्पीडन्समध्ये जातात, म्हणजे जणू तुटल्यासारख्या होतात. इथे ‘शून्य’ म्हणजे ग्राउंडला धरलेला. स्विचने तोडून अधांतरी सोडलेली पिन शून्य नव्हे. तशा अवस्थेची हमी काही नव्या चिप वेगळी लिहून देतात, बाकीच्यांकडून ती गृहीत धरू नये. शिवाय सुटी झालेली सिग्नलची तारही लोंबकळत राहते. तिला ग्राउंडकडे ओढून धरणारा पुल-डाउन रेझिस्टर नसेल, तर चालू बाजूचं इनपुट अधेमधे तरंगतं आणि वाचवायला निघालेला करंट तिथेच जळतो. आमच्या बोर्डावर ट्रान्सलेटर बदलला, आणि सप्लाय तुटला की सेन्सरची लाइन ग्राउंडकडे रिकामी करणारा रेझिस्टरही लावला.