दानाची वही आणि कमाईची वही

गेल्या उन्हाळ्यात चाकणच्या एका कारखान्यात मी टँकरच्या पावत्या मोजत बसले होते. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोऱ्याने बांधलेले गठ्ठे, प्रत्येक पावतीवर गाडीचा नंबर, तारीख, दहा हजार लिटर आणि चालकाची सही. या पाण्याची बेरीज किलोलिटरमध्ये करून कंपनीच्या बीआरएसआरमध्ये, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणाऱ्या अहवालात, भरायची होती. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने मे २०२१ मध्ये हा अहवाल आणला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना तो बंधनकारक केला. सीएच्या आर्टिकलशिपसाठी सोबत असलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, पाणी कधीपासून हिशेबात यायला लागलं?" तिथे दिलेलं उत्तर मला स्वतःलाच अपुरं वाटलं, म्हणून हे टिपण.

सुरुवात 'हिशेब' या शब्दापासूनच करावी लागते. आपल्या जमाखर्चाची भाषा बरीचशी अरबी-फारसीतून आलेली आहे. जमा, खर्च, बाकी, वसूल, दफ्तर, अमानत हे सगळे तिकडचे शब्द. शिवछत्रपतींच्या आज्ञेने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, पण हिशेब मात्र हिशेबच राहिला. नाना फडणीस ज्या पदामुळे फडणीस झाले तो मुळातला फर्दनवीस, म्हणजे फर्द, हिशेबाचा कागद, लिहिणारा. कुराणात न्यायाच्या दिवसाला 'हिशेबाचा दिवस' म्हटलं आहे. त्याच धातूतून 'हिस्बा' आला: बाजारावर देखरेख ठेवण्याची व्यवस्था. तिचा अधिकारी मुहतसिब वजनंमापं तपासायचा, भेसळ पकडायचा, रस्ता अडवणाऱ्याला हटवायचा. पेशवाईतल्या पुण्यात वजनंमापं आणि बाजारभाव पाहण्याचं काम कोतवालाकडे होतं. व्यापाऱ्याने बाजाराला उत्तर द्यावं ही अपेक्षा इतकी जुनी आहे.

जकात म्हटलं की पुणेकराला नाका आठवतो. महापालिकेची जकात १ एप्रिल २०१३ ला बंद झाली, तरी रिक्षावाल्याला 'जुना जकात नाका' सांगितलं की पुरतं. मूळ अर्थाने जकात म्हणजे निर्धारित मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या आणि चांद्र वर्षभर टिकलेल्या संपत्तीतला अडीच टक्के वाटा, गरजूंच्या हक्काचा. मोमीनपुऱ्यातल्या एका कापड व्यापाऱ्याची रमजानमधली वही मी पाहिली आहे. एका बाजूला शिल्लक ताग्यांची चालू बाजारभावाने किंमत, रोकड आणि येणं, दुसऱ्या बाजूला देणं. दुकानातली कपाटं आणि शिलाई मशीन त्यांनी धरली नव्हती, कारण विकायचा माल तेवढाच मोजायचा असतो. त्या दिवशी त्यांनी सांगितलेली गोष्ट मला अजून पुरते: अफरातफरीच्या पैशातून दिलेलं दान कबूल होत नाही, असं हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगते. जकात दिली म्हणून वाईट मार्गाने आलेला पैसा शुद्ध होत नाही. कमाई कशी झाली याची वही वेगळी आणि दान किती दिलं याची वेगळी.

वक्फची कल्पना तर थेट आजच्या विषयाला भिडते. खैबरची जमीन हजरत उमर यांच्याकडे आली तेव्हा पैगंबरांनी सल्ला दिला की मूळ राखावं आणि उत्पन्न वाटावं. अशी जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. हिशेबनीसांच्या भाषेत याला भांडवल राखणं म्हणतात. ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये शाश्वत विकासाची व्याख्या केली, पुढच्या पिढ्यांच्या गरजा न मारता आजच्या गरजा भागवणं. तिच्यातही मला तोच धागा दिसतो. माणूस पृथ्वीचा मालक नाही, खलिफा म्हणजे कारभारी आहे, आणि सृष्टीचा 'मीझान', तिचा तराजू, बिघडवू नये, हे इस्लामी विचाराचे दोन खांब.

याच विचाराच्या दोन धारा पुण्यात एका इमारतीत भेटल्या. येरवड्याजवळचा आगाखान पॅलेस तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधला, दुष्काळाने गांजलेल्या भोवतालच्या लोकांना काम मिळावं म्हणून. पन्नास वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, गांधीजींना तिथे स्थानबद्ध केलं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचं तिथेच निधन झालं. त्या कैदेतच सहकाऱ्यांशी विश्वस्तवृत्तीची चर्चा सुरू झाली. सुटकेनंतर किशोरलाल मश्रुवाला आणि नरहरी पारीख यांनी तिचं सूत्र लिहून काढलं आणि गांधीजींनी त्यात थोडे फेरफार केले. संपत्तीवाल्याने स्वतःला समाजाचा विश्वस्त मानावं, हे त्याचं सार. अमानत, म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणं, आणि विश्वस्तवृत्ती यांत मला फार अंतर दिसत नाही. समाधीपाशी जाणाऱ्या प्रत्येकाने ती इमारत कशासाठी उभी राहिली हेही वाचावं, असं मनापासून वाटतं.

उद्योगाला मात्र ताळेबंदाबाहेरचं काही मोजायला लावलं ते अपघातांनी. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं. मार्च १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत सेरेस ही गुंतवणूकदार व पर्यावरणवाद्यांची आघाडी उभी राहिली. सेरेस आणि टेलस इन्स्टिट्यूट यांनी १९९७ मध्ये जीआरआय हा असे अहवाल कसे लिहावेत ते ठरवणारा उपक्रम सुरू केला, २००० मध्ये त्याची पहिली मार्गदर्शक तत्त्वं आली. दरम्यान १९९४ मध्ये जॉन एल्किंग्टन यांनी नफ्यासोबत माणसं आणि पृथ्वी अशा तीन ओळींचा ताळेबंद मांडला होता. आपल्याकडे त्याआधीच, १९७९ मध्ये, टाटा स्टीलने न्या. कोतवाल समितीकडून स्वतःचं सामाजिक लेखापरीक्षण करून घेतलं होतं. त्याची आठवण फार कमी जण काढतात.

कायद्याने भारतात आधी दानाची वही उघडली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचं नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायचे. एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं आणि पुण्याच्या आसपास शाळा, बंधारे, रुग्णवाहिकांवर कंपन्यांच्या पाट्या दिसू लागल्या. यातली सर्वांत मोलाची तरतूद मला वेगळीच वाटते: दुसऱ्या कायद्याने जे करणं भागच आहे, त्याचा खर्च यात धरता येत नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. म्हणजे नदीत काय सोडता याचं उत्तर कमाईच्या वहीतच द्यावं लागतं, झाडं कितीही लावली तरी. मोमीनपुऱ्यातली ती वही मला इथे आठवते.

ती दुसरी वही सेबीने उघडली. २०१२ मध्ये पहिल्या १०० कंपन्यांसाठी बीआरआर हा व्यवसायाच्या जबाबदारीचा अहवाल आला, पुढे त्याचाच बीआरएसआर झाला. त्यात पाणी, वीज, उत्सर्जन, कचरा हे सगळं उलाढालीच्या दर रुपयामागे मांडायचं असतं. स्त्री-पुरुष कामगारांचं मध्यक वेतन, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळतं ते, द्यायचं असतं, बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परत आल्या तेही. काही आकड्यांची आता बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी होते. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसएसबी या शाश्वतता-मानकं ठरवणाऱ्या मंडळाची दोन मानकं जून २०२३ मध्ये आली. इस्लामी वित्तसंस्थांसाठी बहरीनमधली आओफी ही संस्था लेखा आणि कारभाराची मानकं काढते, त्यांत सामाजिक जबाबदारीवर स्वतंत्र मानक आहे. इंडोनेशियाने २०१८ मध्ये हरित सुकूक, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीचे इस्लामी रोखे, काढून सव्वाशे कोटी डॉलर उभे केले.

चाकणला परत येते. एमआयडीसीच्या नळाचं पाणी आणि टँकरचं पाणी आम्ही एकाच रकान्यात भरलं, 'तिसऱ्या पक्षाकडून घेतलेलं पाणी'. टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे पावतीवर नव्हतं आणि नमुन्यातही त्यासाठी जागा नव्हती. त्या मुलीने टँकरवाल्याला फोन लावला. त्याने गावाचं नाव सांगितलं. तिने ते पेन्सिलीने पावतीच्या कोपऱ्यात लिहिलं, आणि पुढच्या गठ्ठ्याचा दोरा सोडला.