एमएल-केम ५१२ वरचा वाद नेमका कुठून आला

एमएल-केम म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरलाही फुटू नये अशी, दोन कॉम्प्युटरना गुप्त किल्ली ठरवून देणारी स्कीम; ५१२ हा तिचा सगळ्यात लहान साइज. १९९४ ला क्वांटम मशीनवर मोठे आकडे फोडायची (अवयव पाडायची) रीत कागदावर आली आणि आरएसए, इलिप्टिक कर्व्ह या इंटरनेटच्या जुन्या कुलपांचे दोन्हीचे दिवस मोजले जायला लागले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना पर्याय लॅटिसचा, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीच्या गणिताचा. ते त्याच्याही आधीचं, पण आत्ता सगळं ज्यावर उभं आहे ते २००५ चं, लर्निंग विथ एरर्स, म्हणजे मुद्दाम चुका मिसळलेली समीकरणं सोडवायचं कोडं.

आमच्या कोल्हापूरच्या मार्केट यार्डातलं उदाहरण घ्या. गुळाचे तीन प्रकार, दर लपवलेले, हातात फक्त बिलं: पहिल्याचे ५ रवे, दुसऱ्याचे २, तिसऱ्याचे ७, टोटल एवढी. अशी तीन बिलं आली की दहावीचं पोरगं पण दर काढतंय. आता प्रत्येक टोटलमध्ये गुपचूप रुपया-दोन रुपये इकडंतिकडं करा. एक दर उडवायला बिलाला गुणून वजा करायला गेलं की ती चूक पण गुणली जाते, आणि शेवटी हातात नुसता गोंधळ उरतो. खऱ्या स्कीमला असे ५१२ लपवलेले आकडे, आणि टोटल ३३२९ झाली की परत शून्यापासनं. लई देखणं गणित आहे हे.

२०१६ ला अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं प्रस्ताव मागवले, २०२२ ला हीच स्कीम निवडली. त्याच वर्षी दुसऱ्या घराण्यातला एक उमेदवार साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर साधारण तासाभरात फुटला, त्यामुळं सगळेच सावध होते.

खरा वाद ५१२ चा. अट अशी की ती फोडणं एईएस-१२८ ची (१२८ बिटांच्या किल्लीचं नेहमीचं कुलूप) किल्ली शोधण्याइतकं तरी अवघड पाहिजे. हल्ल्याला लागणारे नुसते गेट (कॉम्प्युटरच्या बारीक पायऱ्या) मोजले तर आकडा काठावर येतो. संस्था म्हणाली, हल्ल्याला अफाट मेमरी लागते, तिचा खर्च धरला की आपण बरेच वर आहोत. २०२३ ला एका नावाजलेल्या क्रिप्टोग्राफरनं त्यावर बोट ठेवलं: प्रत्येक फेरीला मालाचे पैसे (आकडेमोडीचा खर्च) आणि हमाली (मेमरीचा खर्च) दोन्ही द्यायची असेल तर ती मिळवायची, तुम्ही गुणलीय. त्याची स्वतःची एक एन्ट्री स्पर्धेत मागं पडली होती हे खरं, पण म्हणून हिशोबाचा प्रश्न चुकीचा ठरत नाही, आणि मला तरी तो रास्तच वाटतो. संस्थेनं निष्कर्ष बदलला नाही.

एप्रिल २०२४ ला या गणितावरच क्वांटम हल्ल्याचा पेपर आला, आठवडाभर सगळ्यांचा जीव टांगणीला, मग त्यातच चूक सापडली. ऑगस्टमध्ये स्टँडर्ड निघालं, त्यात ५१२ राहिलं. ब्राउझरवाल्यांनी मात्र त्याच स्कीमचा मोठा साइज ७६८ घेतला, तेही जुन्या कर्व्हला सोबत जोडून.