दिल्लीहून रावेरच्या घरचा संगणक का सापडत नाही?

रावेरचा एखादा केळीचा व्यापारी माल घेऊन दिल्लीला गेला आहे आणि खरेदीचा सगळा हिशेब मागे घरातल्या संगणकात राहिला आहे, असे समजा. संगणक चालू आहे, इंटरनेटही चालू आहे, तरी दिल्लीहून तो सापडत नाही. कारण अडचण यंत्रात नसून पत्त्यात आहे.

त्या संगणकाचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता खासगी असतो आणि तोच पत्ता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असतो. इंटरनेटवर पत्ते देण्याच्या जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ते ३२ बिटांचे असल्याने ते जेमतेम ४२९ कोटी होतात, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून अख्ख्या घराला एकच सार्वजनिक पत्ता मिळतो आणि आतबाहेरची देवाणघेवाण राउटर, म्हणजे घरातली यंत्रे इंटरनेटला जोडणारी पेटी, सांभाळतो. घरातून एखादी विनंती बाहेर पडली की ती कोणत्या यंत्राची, कोणत्या पोर्टवरून (म्हणजे यंत्राच्या कोणत्या क्रमांकाच्या दारातून) निघाली, याची तो नोंद करतो आणि उत्तर आले की त्या नोंदीप्रमाणे पोहोचवतो. दिल्लीहून आपणहून आलेल्या हाकेची मात्र त्याच्याकडे नोंदच नसते, त्यामुळे ती कोणाला द्यावी हे त्याला कळत नाही आणि तो ती टाकून देतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे अमुक पोर्टवर येणारे सगळे अमुक यंत्राकडे पाठवावे, असा नियम राउटरमध्ये कायमचा लिहून ठेवणे. दुरून संगणक चालवण्याच्या विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप या सोयीचा ३३८९ हा पोर्ट असा थेट उघडू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण उघडे पोर्ट शोधून पासवर्ड ओळखू पाहणारे प्रोग्रॅम जगभर अहोरात्र फिरत असतात. शिवाय हल्ली इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर घरचा नियम कितीही अचूक असला तरी हाक कंपनीच्याच दारात अडते.

खरा मार्ग उलट दिशेचा आहे: घरच्या संगणकाने आधी बाहेर हाक मारायची. तो एका मध्यस्थ सर्व्हरशी जोडलेला राहतो, दिल्लीचा लॅपटॉपही तिथेच येतो, आणि सर्व्हर दोघांना परस्परांचे बाहेरचे पत्ते कळवतो. मग दोघे एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, पाठवतात. दोन्ही राउटरांत बाहेर जाण्याची नोंद नुकतीच झालेली असल्याने समोरून आलेले पॅकेट त्यांना उत्तर वाटते आणि ते आत सोडले जाते. ही युक्ती मला फार देखणी वाटते, कारण तिच्यात कोणतेही दार कायमचे उघडे राहत नाही. काही राउटरांपुढे ती चालत नाही. तेव्हा सगळी माहिती मध्यस्थामार्फतच न्यावी लागते आणि वेग घटतो. नोंदी थोड्या वेळात पुसल्या जातात, म्हणून वायरगार्डसारख्या व्हीपीएनमध्ये (दोन यंत्रांना इंटरनेटवरून खासगीपणे जोडणाऱ्या सोयीत) दर २५ सेकंदांनी एक छोटे पॅकेट पाठवत राहण्याची सोय ठेवतात.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा असल्याने प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो, पण तिथेही राउटरची फायरवॉल, म्हणजे त्यातली पहारेकरी यंत्रणा, अनोळखी हाक सहसा अडवतेच.

खानदेशात उन्हाळ्यात वीज जाते, याचाही विचार आधीच केलेला बरा. वीज परतताच संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बऱ्याच संगणकांच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, असते. ती निघण्यापूर्वी चालू करावी आणि राउटरला छोटा यूपीएस जोडावा.