अस्थिवृद्धी, पौगंडावस्थेतील (मुलग्यांमधील)

वयात येणाऱ्या मुलाच्या हाडांची लांबी, जाडी आणि त्यांतील खनिजांचा साठा झपाट्याने वाढण्याची क्रिया. मुलींच्या मानाने मुलग्यांत ती साधारण दोन वर्षे उशिरा जोर धरते. उंचीवाढीचा वेग सर्वाधिक असतो ते वय बहुतेक पाहण्यांत साडेतेरा ते चौदाच्या आसपास येते. त्या वर्षात ९ ते १० सेंमी. उंची वाढणे नवलाचे नाही. सगळे शरीर मात्र एकदम वाढत नाही. आधी पावले, मग नडगी, मग मांडी आणि शेवटी धड असा सामान्य क्रम आहे. म्हणून घरात पहिली तक्रार बुटांची येते, पाठोपाठ विजार घोट्याच्या वर चढते आणि शर्ट खांद्यांत आवळू लागतो तो बराच उशिरा.

लांब हाड मधून ताणले जाऊन वाढत नाही. ते टोकांजवळच्या कूर्चेच्या (कानाच्या पाळीवरच्या भागासारख्या लवचीक ऊतीच्या) पातळ थरात वाढते. या थराला येथे वृद्धिपट्ट म्हटले आहे (डॉक्टर बोलताना ग्रोथ प्लेटच म्हणतात). स्टीव्हन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन छिद्रे पाडली. सुमारे दोन महिन्यांनी हाड लांबलेले होते, छिद्रांमधले अंतर तेवढेच होते. हा वृत्तांत १७२७ मध्ये छापला गेला. पुढे फ्रान्समध्ये द्युआमेल आणि इंग्लंडमध्ये जॉन हंटर यांनी असेच प्रयोग केले. शोधाचे श्रेय कधीकधी त्यांना दिले जाते, पण छिद्रांचा प्रयोग हेल्स यांचा आणि आधीचा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली वृद्धिपट्टातील पेशी नाण्यांच्या चळतींसारख्या रचलेल्या दिसतात. चळतीच्या एका टोकाला पेशींचे विभाजन होते. दुसऱ्या टोकाच्या पेशी फुगतात, त्यांच्याभोवती चुना साचतो, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चेच्या जागी हाड येते.

ही वाढ थांबते कशाने, हा प्रश्न बराच काळ चुकीच्या वाटेने सोडवला गेला. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढले की वृद्धिपट्ट मिटतात, असे धरले जाई. त्याला आधारही होता. वयात येण्यापूर्वी वृषणे काढलेल्या पुरुषांचे हातपाय अधिक लांब होत, आणि लहानपणी खच्ची केलेल्या बैलाचे पायही वळूपेक्षा लांब भरतात. मात्र वृषणे गेली की टेस्टोस्टेरॉनबरोबर त्यापासून बनणारे एस्ट्रोजेन (एरवी स्त्रियांचे मानले जाणारे संप्रेरक) हेही जाते, हे या पुराव्यात झाकलेले राहिले. १९९४ मध्ये एरिक स्मिथ व सहकाऱ्यांनी २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. त्याचे टेस्टोस्टेरॉन प्रमाणात होते, पण पेशींना एस्ट्रोजेनचा संदेश मिळत नव्हता. उंची २०४ सेंमी., ती अजून वाढतच होती. हाडांचे वय (एक्स-रेत दिसणाऱ्या पक्वतेवरून काढलेले) १५ वर्षांचे आणि हाडे ठिसूळ. पुढच्या काही वर्षांत अरोमाटेज हे विकर (एंझाइम) नसलेले, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचे एस्ट्रोजेन करू न शकणारे, पुरुषही आढळले. टेस्टोस्टेरॉनने त्यांच्या हाडांत फरक पडला नाही. एस्ट्रोजेन दिल्यावर वृद्धिपट्ट मिटले आणि हाडांची घनता वाढली. मुलग्याची उंची थांबवणारे संप्रेरक एस्ट्रोजेनच, हे आता सर्वमान्य आहे. ते पट्टाला थेट मिटवते की त्यातील पेशींचे म्हातारपण लवकर आणते, यावर मतभेद आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांचा कौल दुसऱ्या मताकडे झुकतो. टेस्टोस्टेरॉनचे स्वतःचे काम प्रामुख्याने हाडाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर थर चढवण्याचे दिसते. पुरुषांची हाडे जाड असतात, त्याचे एक कारण हेच.

लांबी आणि मजबुती एकाच वेळी येत नाहीत. कॅनडातील सॅस्कॅचेवान येथे १९९१ पासून वर्षानुवर्षे मोजलेल्या मुलांत उंचीच्या वेगाचा कळस आधी आला आणि खनिज साठण्याचा कळस त्यानंतर सहाएक महिन्यांहून अधिक काळाने. खनिजांच्या कळसाभोवतीच्या दोन वर्षांतच प्रौढपणीच्या साठ्यापैकी सुमारे २६ टक्के खनिज जमते. मधल्या काळात हाड लांब पण तुलनेने कच्चे असते. मनगटाजवळ हाड मोडण्याचे प्रमाण याच वयात वाढते. मुलांच्या धसमुसळेपणालाही काही अभ्यासक दोष देतात, आणि तो वगळता येत नाही.

धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांच्या गुडघ्याखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखरी गाठ येते. या विकाराचे वर्णन १९०३ मध्ये ऑसगुड आणि श्लॅटर यांनी स्वतंत्रपणे केले. वाढ थांबली की तो बहुधा आपोआप शमतो. याउलट, वजनदार मुलांत मांडीच्या हाडाचे डोके वृद्धिपट्टावरून घसरते तेव्हा पुष्कळदा दुखते गुडघ्यातच. एक्स-रेही गुडघ्याचाच निघतो आणि खुब्यातले मूळ दुखणे नजरेतून सुटते.

आहाराबाबत भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये १३ ते १५ वर्षांच्या मुलग्यासाठी रोज १,००० मिग्रॅ. कॅल्शियम सुचवले आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३६४ मिग्रॅ. असते, मात्र सगळे अंगी लागत नाही. ड जीवनसत्त्वासाठी कोवळे ऊन पुरते हा समज खरा नाही. त्याला लागणारे किरण दुपारच्या आसपासच्या उन्हात अधिक असतात.

वृद्धिपट्ट ठरावीक क्रमाने मिटत असल्याने डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात. ग्रॉयलिख व पाइल यांचा चित्रसंग्रह (१९५०) आणि टॅनर-व्हाइटहाउस ही गुणांकन पद्धत यांसाठी वापरात आहेत; भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील मुलग्यांसाठी दुसरीची सुधारित आवृत्ती वापरते. न्यायालयांत या चाचणीला दुय्यम स्थान आहे. क्ष-किरण तपासणीतून ठरवलेले वय दोन्ही बाजूंनी दोन वर्षांनी चुकू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जयमाला खटल्यात (१९८२) नमूद केले. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी घेतली जाते.