मॉडेल विमान कोसळलं, त्यात सूर्याचा हात किती?

१० मे २०२४ ला पृथ्वीवर गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ आलं. एरवी ध्रुवांजवळ दिसणारे अरोरा, म्हणजे आकाशातले रंगीत प्रकाशपट्टे, कितीतरी खालच्या अक्षांशांवरच्या लोकांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यात टिपले. तेव्हापासून रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या गप्पांत एक नवा आरोपी आला आहे. सर्व्होने (पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरने) मध्येच झटका दिला, विमान ऐकेनासं झालं, की सूर्यावर खापर फुटतं. उड्डाणाला हवा योग्य आहे का ते सांगणारी अ‍ॅप्स तर वारा आणि पावसाच्या शेजारी 'केपी' नावाचा आकडा लाल रंगात दाखवतात आणि तो पाचच्या वर गेला की विमान उडवू नका म्हणतात.

या आरोपात तथ्य आहे का? विमान कोणत्या वारंवारतेवर चालतं, यावर उत्तर ठरतं. जुने संच २७, ३५, ४० किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालत. आजचे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झवर चालतात. या दोन गटांचं सूर्याशी असलेलं नातं अगदी वेगळं आहे, आणि ते का वेगळं आहे हे समजायला आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या, मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या थरात जावं लागतं. रेडिओशास्त्रातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग हाच.

जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरच्या वर सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणं हवेच्या अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. तिथे हवा इतकी विरळ असते की सुटलेला इलेक्ट्रॉन बराच काळ मोकळा हिंडू शकतो. सर्वांत दाट थर २५० ते ४०० किलोमीटरच्या आसपास असतो. सूर्य ऐन भरात असताना तिथे दुपारी एका घनमीटरमध्ये एक लाख कोटी किंवा त्याहून जास्त मोकळे इलेक्ट्रॉन असतात. अकरा वर्षांच्या सौरचक्राच्या तळाशी ही संख्या निम्म्याहूनही खाली येते.

आता या थरात एक रेडिओलहर शिरली असं समजा. लहरीचं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला मागेपुढे हलवतं. इलेक्ट्रॉनला कशाचंच बंधन नसल्यामुळे तो केवळ स्वतःच्या जडत्वाने वागतो आणि त्याचं डोलणं लहरीच्या बरोबर उलट कलेत होतं. डोलणारा इलेक्ट्रॉन स्वतःही एक क्षीण लहर सोडतो. मूळ लहर आणि अशा असंख्य क्षीण लहरी एकत्र आल्या की लहरीचे माथे निर्वात पोकळीतल्यापेक्षाही भरभर पुढे सरकतात. (संदेश मात्र प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद जात नाही, वाढतो तो फक्त माथ्यांचा वेग.) परिणामी थराचा अपवर्तनांक एकापेक्षा कमी होतो. काचेतून हवेत तिरपा जाणारा प्रकाश जसा पृष्ठभागाकडे झुकतो, तशी वर जाणारी लहर आडवी होत जाते आणि कोन पुरेसा तिरपा असेल तर वळून पृथ्वीकडे परतते.

लहर किती वळेल, हे एका आटोपशीर सूत्रात बसतं. घनमीटरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि त्याला ९ ने गुणा. त्या थराची क्रांतिक वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. एक लाख कोटीचं वर्गमूळ दहा लाख, म्हणून क्रांतिक वारंवारता ९ मेगाहर्ट्झ. सरळ वर सोडलेली लहर याहून कमी वारंवारतेची असेल तर परत येते, जास्त असेल तर आरपार निघून जाते. तिरप्या लहरीला सवलत मिळते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे या सवलतीला मर्यादा आहे. अगदी क्षितिजालगत सोडलेली लहरही ३०० किलोमीटरवरच्या थराला उभ्या रेषेशी फार तर ७३ अंशांच्या कोनात भेटते. त्या कोनातून सवलत निघते सुमारे ३.४ पट. नऊ गुणिले ३.४ म्हणजे ३० मेगाहर्ट्झ.

आता हे गणित जुन्या संचांना लावून बघा. २७ मेगाहर्ट्झ या मर्यादेच्या आत पडतो. म्हणजे सूर्य जोरात असताना तीन-साडेतीन हजार किलोमीटरवरच्या कुणा ट्रकचालकाचा, याच २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलणारा सिटिझन बँड रेडिओ आयनांबरावरून वळून थेट तुमच्या मैदानावर उतरू शकतो. ३५ मेगाहर्ट्झला क्रांतिक वारंवारता साडेदहाच्या आसपास लागते. सौरचक्राच्या शिखरावर तीही गाठली जाते. ७२ ला मात्र २१ हून अधिक लागेल, आणि एवढी दाटी हा थर जवळजवळ कधीच दाखवत नाही. उन्हाळ्यात १०० किलोमीटरच्या आसपास अचानक तयार होणारे पातळ, दाट पट्टे ७२ मेगाहर्ट्झलाही वळवतात; पण ते उल्कांनी मागे सोडलेल्या धातूंच्या आयनांना वरच्या वाऱ्यांनी दाबून घडवलेले असतात. सौरडागांच्या संख्येशी त्यांचा थेट संबंध नाही.

२.४ गिगाहर्ट्झचं काय? ९ ला २४०० ने भागा, वर्ग करा आणि त्याचं निम्मं घ्या. अपवर्तनांकातला फरक लाखात एकाच्याही खाली जातो. अशा लहरीला आयनांबर दिसतच नाही. शिवाय तुमच्या हातातल्या ट्रान्समीटरपासून विमानातल्या रिसीव्हरपर्यंतचा मार्ग फार तर दोनेक किलोमीटरचा आणि जमिनीलगतच्या हवेतून जाणारा. आयनांबर त्या वाटेवर येतच नाही. जुन्या संचांनाही ते आड येत नव्हतं. ते फक्त दूरचा पाहुणा आणून सोडत होतं. तो पाहुणाही हजारो किलोमीटर चालून दमलेला असे. त्यामुळे विमान ट्रान्समीटरच्या पल्ल्याच्या काठावर असताना किंवा ट्रान्समीटर बंद असतानाच सर्व्हो थरथरण्याची शक्यता मोठी होती.

आयनांबराला वगळलं तरी सूर्य स्वतः रेडिओलहरी सोडतो, ही शंका उरते. ती रास्त आहे. २७ आणि २८ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिश सैन्याच्या विमानवेधी तोफांच्या रडारमध्ये प्रचंड खरखर सुरू झाली. युद्ध चालू होतं, जर्मनांनीच ती मुद्दाम सोडली असणार असा संशय आला. जेम्स स्टॅन्ली हेय या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खरखर येण्याची दिशा सूर्यामागे सरकताना दिसली. त्या दिवशी सौरबिंबाच्या मध्याजवळ डागांचा मोठा समूह होता. सूर्याचा रेडिओध्वनी माणसाने पहिल्यांदा ओळखला तो असा. ती रडारं चार ते सहा मीटर तरंगलांबीवर चालत आणि पुढे अमेरिकेत मॉडेल विमानांना मिळालेला ७२ मेगाहर्ट्झचा पट्टा याच टापूत येतो. फरक इतकाच, की रडार दुरून येणारा अतिक्षीण प्रतिध्वनी टिपायला कान टवकारून बसलेलं असतं. मॉडेलच्या रिसीव्हरला समोरच्याच माणसाचं बोलणं ऐकायचं असतं.

हा फरक आकड्यांत बघू. १०० मिलीवॅटचा ट्रान्समीटर एक किलोमीटरवर चौरस मीटरमागे सुमारे ८ अब्जांश वॅट एवढी शक्ती पोचवतो. २.४ गिगाहर्ट्झजवळ एक मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये शांत सूर्याची शक्ती त्याच्या साधारण आठ लाखाव्या हिश्शाएवढी असते. रिसीव्हरच्या स्वतःच्या उष्णतेतून जन्मणारा गोंगाटसुद्धा तिच्याहून शेकडो पट मोठा असतो. ६ डिसेंबर २००६ चा रेडिओस्फोट विक्रमी होता. जीपीएसच्या वारंवारतेजवळ सूर्याचा गोंगाट नेहमीच्या जवळपास दहा हजार पट झाला आणि दिवस असलेल्या भागातल्या जीपीएस रिसीव्हरांना त्याचा फटका बसला. तेवढाच स्फोट २.४ गिगाहर्ट्झवर झाला असं धरलं, तरी एक किलोमीटरवरच्या विमानाला तुमचा संदेश सूर्यापेक्षा ८० पट मोठा ऐकू येईल. पल्ला घटेल, पण नजरेच्या टप्प्यातलं विमान हातचं जाणार नाही.

मग केपी हा आकडा काय सांगतो? तो १३ चुंबकीय वेधशाळांच्या नोंदींवरून दर तीन तासांना काढतात आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती हललं एवढंच त्यातून कळतं. रेडिओगोंगाट तो मोजत नाही. ज्या मॉडेलमध्ये होकायंत्र आहे त्याचा या आकड्याशी थोडा संबंध येतो, पण तिथेही प्रमाण बघावं. विषुववृत्ताकडच्या भागात आडवं क्षेत्र ४०,००० नॅनोटेस्लाच्या आसपास असतं, आणि मे २०२४ च्या वादळाने ते सुमारे ४०० ने ढळलं. हे झालं एक टक्का. होकायंत्राची सुई त्यामुळे अर्ध्या-पाऊण अंशाहून अधिक फिरत नाही. बॅटरीच्या जाड तारा होकायंत्राजवळून गेल्या तर त्यांतला प्रवाह याच्या कितीतरी पट घोळ घालतो. 'आज रात्री वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाइल बंद ठेवा' असे निनावी संदेश वर्षानुवर्षं फिरतात आणि शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात. लाल केपी बघून उड्डाण रद्द करणं मला त्याच जातीचं वाटतं. आकडा खरा असला म्हणून त्यातून काढलेला अर्थ खरा ठरत नाही.

सूर्याची खरी झळ बसते ती जीपीएसला. उपग्रह २०,००० किलोमीटरवर, त्यांचा संदेश रिसीव्हरच्याच गोंगाटात बुडालेला आणि वाट आयनांबराच्या आरपार. इलेक्ट्रॉन वाढले की संदेशाला उशीर होतो आणि स्थान काही मीटरांनी, कधी दहा-पंधरा मीटरांनी चुकतं. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत सूर्यास्तानंतर आयनांबरात बुडबुडे उठतात. त्यातून येणारा संदेश लुकलुकतो आणि कधी तुटतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत थांबले, ते वादळाने आयनांबर ढवळून निघाल्यामुळे. त्यामुळे आपोआप घरी परतण्याच्या सोयीवर भिस्त असलेलं मॉडेल सौरवादळाच्या दिवशी उडवायचं असेल, तर हाताने उतरवण्याची तयारी ठेवावी.

बाकी विमान कोसळलं तर आधी बॅटरीचा विद्युतदाब तपासा. सर्व्हो एकदम ताणले गेले की रिसीव्हरचा वीजपुरवठा क्षणभर कोसळतो आणि तो नव्याने सुरू होईपर्यंत विमान अनाथ असतं. अँटेना कार्बन फायबरच्या आड दडली आहे का, तिचं टोक नेमकं तुमच्याकडे रोखलेलं होतं का, फेलसेफ (संदेश तुटला तर विमानाने काय करायचं ते आधीच ठरवून देणारी सोय) लावला होता का, हे बघा. आणि त्याच क्षणी हवेत दुसरं कुणाचं विमान होतं का, ते विचारा. सूर्याचा गोंगाट मैदानावरच्या सगळ्या रिसीव्हरांवर एकाच वेळी पडतो. शेजारचं विमान सुखरूप उतरलं असेल, तर दोष तुमच्या विमानातच शोधावा लागेल.