संपादकीय चित्रण (ऑनलाइन प्रकाशनातील)

लेख, कथा किंवा अग्रलेख वाचून त्यातला आशय चित्रातून मांडण्याच्या कामाला संपादकीय चित्रण म्हणतात. अशा चित्राला लेखचित्र किंवा कथाचित्र असेही नाव आहे. घडलेली घटना छायाचित्रातून दाखवता येते. पण महागाई, एकटेपणा, कर्ज, मागे पडत चाललेली मातृभाषा यांचा फोटो काढायचा कसा? तिथे चित्रकार लागतो. मराठी वाचकाला हे नवे नाही. दिवाळी अंकांत मुखपृष्ठ आणि सजावट करणाऱ्याचे नाव छापण्याची रीत जुनी आहे, आणि दीनानाथ दलाल व वसंत सरवटे यांच्या रेषा ओळखायला कित्येक वाचकांना सहीचीही गरज पडली नाही.

छापील मासिकात चित्र आणि मजकूर एकाच पानावर भेटतात. ऑनलाइन लेखाचे चित्र मात्र लेखाच्या पुढे धावते. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की मथळ्यासोबत तेच आधी दिसते आणि लेख उघडायचा की नाही हे पुष्कळदा तिथेच ठरते. फेसबुकने २०१० मध्ये आणलेल्या ओपन ग्राफ या पद्धतीने ही सोय झाली. पानाच्या कोडमध्ये शीर्षक, सारांश आणि चित्र कोणते घ्यायचे हे लिहून ठेवलेले असते. त्यासाठी १२०० × ६३० पिक्सेल हे माप रूढ आहे. मोबाइलवर पोचेपर्यंत ते नखाएवढे होते, काही ठिकाणी चौकोनी कापलेही जाते. म्हणून अशा चित्रात आकार दोन-तीनच आणि ठळक हवेत, मुख्य आशय मधोमध हवा. वाड्याच्या चौकात चाळीस माणसे रेखाटण्याची हौस आतल्या पानासाठी राखून ठेवावी.

इंदूरच्या पाण्यावर लेख आहे असे धरू. आयत्या चित्रांच्या साठ्यात शोधले तर नळ आणि त्यातून गळणारा थेंब मिळतो. तो कोणत्याही शहराच्या लेखावर चालेल, म्हणूनच या लेखाला तो निरुपयोगी आहे. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून मिळते. ते सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने माळव्याच्या पठारावर चढवावे लागते आणि त्याला वीज भरमसाट लागते. लेख नीट वाचलेला चित्रकार नळ काढेल, पण थेंबाच्या जागी विजेचा मीटर लटकवेल. आकार दोनच, नखाएवढे केले तरी ओळखू येतात, आणि ‘पाणी म्हणजे वीज’ हा लेखाचा मुद्दा मथळा वाचण्याआधी पोचतो. यासाठी संपादकाने चित्रकाराला संपूर्ण लेख द्यायला हवा. नुसता मथळा पाठवून ‘संध्याकाळपर्यंत काहीतरी द्या’ म्हटले की थेंबच हाती येतो, आणि त्यात चित्रकाराचा दोष नसतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखनाला आणखी एक अडचण भेडसावते. मराठी म्हटले की फेटा, नथ, शनिवारवाडा अशी ठरलेली चित्रे चिकटवली जातात. इंदूरच्या गणेशोत्सवावरच्या लेखात लालबागची गर्दी दाखवणे म्हणजे तिथल्या वाचकाला त्याच्याच लेखातून बाहेर काढणे आहे. त्याच्या मनात अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या कापडगिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) असतात. हे पाहिलेले चित्रकार इंदुरात नाहीत असेही नाही. द. दा. देवळालीकर यांनी इथे १९२७ मध्ये चित्रकलेचे शिक्षण रुजवले, ना. श्री. बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन त्याच परंपरेतले. विष्णू चिंचाळकर गुरुजींनी तर वाळकी पाने, काटक्या, बिया आणि देवनागरी अक्षरे यांतून चित्रे उभी केली. थोड्या साधनांत आशय पकडण्याची ती नजर पडद्यावरच्या चित्राला फार उपयोगाची आहे.

तांत्रिक बाजू थोडक्यात अशी. सपाट रंगांच्या रेखाचित्राला एसव्हीजी हा फाइलचा प्रकार सोयीचा, कारण तो कितीही मोठा केला तरी रेषा फुटत नाही. रंगछटा भरपूर असतील तर जेपीजी किंवा गूगलने २०१० मध्ये आणलेले वेबपी वापरतात. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून काळ्या रेषेत काढलेले चित्र मोबाइलच्या डार्क मोडमध्ये दिसेनासे होते, म्हणून मागे रंगाची पट्टी द्यावी. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. फॉन्टमध्ये सोय असेल आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदली असेल तरच ती पडद्यावर उमटतात. हिंदी छपाईची सवय असलेल्या शहरात हे हमखास राहून जाते. चित्रातली अक्षरे हाताने काढली तर वळण आपल्या हाती राहते. दृष्टिहीन वाचकांसाठी पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवले जाणारे वर्णन, लिहावा लागतो. त्यात ‘चित्र’ एवढेच लिहून भागत नाही. ‘नळातून लटकणारा विजेचा मीटर’ असे लिहावे.

२०२२ पासून मजकुरावरून चित्र तयार करणारी साधने सर्वांच्या हाती आली. ती वेगवान आहेत, पण साचा मागितला नसतानाही साचाच देण्याकडे त्यांचा कल असतो, आणि फेटा-नथीचा प्रश्न त्यांनी वाढवलाच आहे. असे चित्र वापरले तर तसे नमूद करणे हे आपण वाचकाला लागत असलेले देणे आहे.

चित्रकाराचे नाव चित्राखालीच द्यावे. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. हक्क सोपवताना करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो (कलम १९). जगभर उघडणाऱ्या पानासाठी या दोन्ही गोष्टी लेखी ठरवून घेणे म्हणूनच महत्त्वाचे. चित्रकाराच्या मृत्यूनंतर संरक्षण ६० वर्षे टिकते. दलाल १९७१ मध्ये वारले. त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली चित्रे २०३१ अखेरपर्यंत परवानगीशिवाय उचलता येत नाहीत.