सिंथचा आवाज, जुने सॅम्पलर आणि लूपचा न मिटलेला वाद

जुन्या हार्डवेअर सॅम्पलरवर, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून किबोर्डवर वाजवणाऱ्या यंत्रावर, सिंथचा (सिंथेसायझरचा) आवाज घेऊन लूप करायचा, म्हणजे त्याचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून लांबवायचा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. एक तट म्हणतो फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा भाग) पूर्ण उघडा ठेवा, कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) बंद करा, वेव्हची एकच सायकल, म्हणजे लहरीचं एकच आवर्तन, लूप करा आणि पुढचं सगळं सॅम्पलरच्या फिल्टरवर आणि एलएफओवर (आवाज डोलवणाऱ्या संथ लहरीवर) सोडा. दुसरा म्हणतो असं असेल तर सिंथ सॅम्पल केलाच कशाला, आवाजात जे हलतंय ते हलतंच घ्या आणि लांब लूप लावा. वरवर बघितलं तर हा आवडीनिवडीचा मामला वाटतो, पण तो सुरू झाला तो मेमरीच्या किमतीवरून, आणि ती गोष्ट समजून घेतली नाही तर दोन्ही बाजू अर्धवटच कळतात.

फार मागे जायची गरज नाही. मेलोट्रॉनमध्ये टेपच्या पट्ट्या होत्या, साधारण आठ सेकंद वाजायच्या आणि संपायच्या, तिथं लूपचा प्रश्नच नव्हता. १९७९ मध्ये सिडनीत फेअरलाइट सीएमआय बनला तो मुळात सिंथेसिस करायला, खरे आवाज रेकॉर्ड करून वाजवणं हा त्यातला सोपा मार्ग म्हणून पुढे आला. एका व्हॉइसला (एका वेळी वाजणाऱ्या एका सुराला) १६ किलोबाइट मेमरी, म्हणजे वरच्या रेटवर (सेकंदाला आवाजाची जास्तीत जास्त मोजमापं घेतली तर) पूर्ण एक सेकंदही नाही. १९८१ च्या इम्युलेटरमध्ये १२८ किलोबाइट आणि ८ बिट (बिट जितके जास्त तितका आवाज नेमका साठतो), किबोर्डचे दोन भाग करून प्रत्येक भागाला साधारण दोन सेकंद. एवढ्या जागेत आवाज लांबवायचा तर लूपशिवाय पर्यायच नव्हता. पण ही मशिन्स इतकी महाग होती की ती मोठ्या स्टुडिओत आणि मोजक्या कलाकारांकडेच असायची, त्यामुळे लूप कसा लावावा यावर चारचौघांत वाद व्हायला अजून वेळ होता.

तो वेळ आला १९८४ ते १९८६ मध्ये, आणि माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास तिथूनच सुरू होतो. एन्सोनिकचा मिराज १,६९५ डॉलरला आला आणि पहिल्यांदाच साध्या वादकाच्या हातात सॅम्पलर आला. ८ बिट, १२८ किलोबाइट, आणि स्क्रीन म्हणजे फक्त दोन आकडे, तेही हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत). त्यात मेमरी २५६ बाइटच्या पानांमध्ये वाटलेली होती आणि लूपचा हिशोबही त्या पानांवरच चालायचा, म्हणून लोक उलटं गणित करायला लागले, आधी ठरवायचं की एका पानात पूर्ण किती सायकल बसवायच्या आणि मग त्याप्रमाणे सॅम्पलिंगचा रेट आणि सिंथची पट्टी जुळवून घ्यायची. ट्रम्पेट किंवा माणसाचा आवाज असा हव्या त्या फ्रिक्वेन्सीला अचूक उभा करता येत नाही पण सिंथ करता येतो, ट्यूनिंगचा नॉब फिरवला की झालं. सिंथ आणि लूप यांचं जमलं ते इथं, आणि एका सायकलचा लूप लावायची सवयही इथलीच.

त्यानंतर १२ बिटचे आले. १९८५ चा अकाईचा एस६१२, ज्यात सुरुवात आणि शेवट चक्क दोन स्लायडरने सरकवायचा, त्याच वर्षीचा सिक्वेन्शियलचा प्रॉफेट २०००, मग १९८६ मध्ये अकाईचाच एस९०० आणि रोलंडचा एस-५०. एस९०० मध्ये ७५० किलोबाइट मेमरी आणि ४० किलोहर्ट्झपर्यंत रेट, पण त्या वरच्या रेटला सगळी मिळून बारा सेकंदही भरत नाहीत. रेट खाली आणला तर मिनिटभर मिळतं पण आवाज रेडिओसारखा दबतो. शिवाय तो थेट रेट विचारतच नाही, बँडविड्थ (सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी किती हवी ते) विचारतो आणि रेट त्याच्या अडीच पट धरतो, हे नव्याने हातात घेणाऱ्याला आधी लक्षात येत नाही.

आता एका सायकलचं गणित बघू. ४४० हर्ट्झचा सूर ४० किलोहर्ट्झला घेतला तर एक सायकल ९०.९ सॅम्पलची (इथं सॅम्पल म्हणजे एक मोजमाप) होते. अर्धवट सॅम्पलवर लूप लावता येत नाही म्हणून ९१ घ्यायचे, आणि सूर पावणेदोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो, ते चालून जातं. पण तोच सूर दोन सप्तकं वर, १७६० हर्ट्झला घेतला तर सायकल २२.७ सॅम्पलची, २३ घ्यावे लागतात आणि लूप सुरू होताक्षणी सूर वीस सेंट खाली येतो. सुरुवातीचा ठोका सुरात, लांबवलेला भाग बेसूर, हे तेव्हाच्या कितीतरी फ्लॉपींवर ऐकू येतं आणि दोष मशिनच्या नावावर जातो. उपाय दोन, एक तर खालच्या पट्टीत सॅम्पल घ्या, नाहीतर एकाऐवजी दहा-वीस सायकल एकत्र लूप करा म्हणजे ती चूक वाटली जाते. जिथं लूप पॉइंट सॅम्पलच्याही आत बारीक सरकवता येतो त्या मशिनना ही अडचण येत नाही, पण ती सोय नंतर आली.

लांब लूपवाल्यांचा मुद्दा असा की अॅनालॉग सिंथची जान दोन ऑसिलेटरमधल्या (मूळ लहर तयार करणाऱ्या भागांमधल्या) सुराच्या बारीक फरकात आहे आणि एका सायकलमध्ये तो फरक मावूच शकत नाही. बरोबर आहे ते. दोन ऑसिलेटरमध्ये अर्ध्या हर्ट्झचा फरक असेल तर त्यांचं एक पूर्ण वळण दोन सेकंदांचं, म्हणजे लूपही दोन सेकंदांचा किंवा त्याच्या पटीत हवा, नाहीतर दर फेरीला आवाज उडी मारतो. एस९०० वर दोन सेकंद म्हणजे सगळ्या मेमरीचा सहावा हिस्सा एकाच नोटला गेला, आणि किबोर्डभर चांगलं वाजायला चार-पाच नोट तरी वेगळ्या घ्याव्या लागतात. म्हणजे एका पॅडमध्ये (लांब धरायच्या मऊ आवाजात) मशिन भरलं.

इथं एक गोष्ट दोन्ही तटांच्या बोलण्यात निसटते असं मला वाटतं आणि मी ती जरा ठासून सांगतो. हलतं म्हणजे सगळं एकसारखं नसतं. डिट्यूनचं बीटिंग, म्हणजे ऑसिलेटरच्या सुरांतल्या फरकाने येणारं डोलणं, खऱ्या सिंथवरही सप्तक वर गेलं की दुप्पट होतं, त्यामुळे सॅम्पल वर नेल्यावर ते दुप्पट झालं तरी कानाला खटकत नाही. पण कोरसचा किंवा पल्सविड्थचा (लहरीची रुंदी बदलणारा) एलएफओ खऱ्या सिंथवर सगळ्या नोटला एकाच वेगाने फिरतो, आणि सॅम्पल मात्र सप्तकभर वर नेलं की तोही दुप्पट पळतो, खाली नेलं की आळसावतो, कॉर्ड धरली की प्रत्येक बोट वेगवेगळ्या वेगाने डोलतं. फिल्टरच्या स्वीपचंही तेच. म्हणून डिट्यून आत घ्यावा आणि कोरस, एलएफओ, स्वीप बाहेर ठेवावेत, ते सॅम्पलरच्या फिल्टरने आणि बाहेरच्या युनिटने द्यावेत. ‘सगळं घ्या’ म्हणणारे इथं चुकतात, आणि ‘काहीच घेऊ नका’ म्हणणारे सिंथचा निम्मा जीव आधीच काढून टाकतात.

लूपच्या जातीवरूनही असाच घोळ आहे. सरळ पुढे जाणाऱ्या लूपला झिरो क्रॉसिंग (लहर शून्य ओलांडते ती जागा) शोधा, दोन्हीकडे वेव्ह एकाच दिशेने जात असू द्या, हा सल्ला बरोबर आहे. पण तोच सल्ला पुढे-मागे जाणाऱ्या म्हणजे अल्टरनेटिंग लूपला जसाच्या तसा लावतात तेव्हा टोक बोचतं, कारण झिरोवर वेव्ह सगळ्यात जास्त चढती असते आणि तिथून ती उलटी फिरवली की टोकदार कोपरा तयार होतो. अल्टरनेटिंगला वळायची जागा वेव्हच्या माथ्यावर किंवा तळाला हवी, जिथं चढ संपलेला असतो. डिट्यूनचं बीटिंग उलटं वाजलं तरी कळत नाही, म्हणून पॅडसाठी हा लूप फार चांगला, शिवाय लांबीही फुकटात दुप्पट मिळते.

१९८८ च्या एस९५० मध्ये क्रॉसफेड लूप आला आणि पुष्कळांना वाटलं वाद संपला. संपला नाही. क्रॉसफेडमध्ये लूपच्या शेवटावर त्याच्या सुरुवातीआधीचा भाग मिसळला जातो, दोन्हीचे फेज (लहरींचे चढ-उतार) जुळत नसतील तर मिसळताना आवाज मध्येच पोकळ होतो, आणि दोन ऑसिलेटरचा आवाज असेल तर फेज जुळणं नशिबावरच. जोड बुजतो पण श्वास घेतल्यासारखा खड्डा राहतो. आधी हाताने चांगला जोड शोधायचा आणि मग अगदी थोडा क्रॉसफेड द्यायचा हीच पद्धत टिकली.

त्याच वर्षी एस१००० आला, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, २ मेगाबाइट आणि वाढवता येणारी मेमरी, एका सॅम्पलला आठ लूप. त्याच सुमाराला कॉर्गच्या एम१ सारखे किबोर्ड ४ मेगाबाइट रॉममध्ये (न बदलणाऱ्या मेमरीत) आधीच लूप केलेले आवाज घालून विकायला लागले आणि बहुतेक वादकांनी स्वतः लूप शोधणं सोडलं. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात पुढे अशाच रॉमवाल्या किबोर्डचं राज्य झालं, स्ट्रिंगची कॉर्ड चार मात्रा दाबून धरली की कुणीतरी कारखान्यात बसून निवडलेला तो लूप आजही कान दिला तर ऐकू येतो.

दुसरीकडे नव्वदीच्या सुरुवातीला रेव्ह आणि टेक्नोवाल्यांनी (नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांनी) लांबवणं हा हेतूच बाजूला ठेवला. सिंथवर पूर्ण मायनर कॉर्ड वाजवून ती एकाच सॅम्पलमध्ये घ्यायची आणि एका बोटाने वर-खाली न्यायची, मग सगळ्या कॉर्ड मायनरच राहतात आणि समांतर सरकतात. रोलंडच्या अल्फा जुनो सिंथचा तो घोंघावणारा ‘हूवर’ आवाजही असाच सॅम्पल होत होत शेकडो ट्रॅकमध्ये गेला. एस९०० आणि एस९५० मध्ये सूर बदलताना त्या व्हॉइसचं घड्याळच वेगळ्या वेगाने चालतं, म्हणून खाली नेलेल्या आवाजाला एक खरखरीत वजन येतं. ज्या गोष्टी मेमरी वाचवायला केल्या, जसं की वरच्या पट्टीत सॅम्पल घेऊन खाली वाजवणं, त्या आता फक्त त्या खरखरीसाठी केल्या जातात.

आज फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी यूएसबीवाले एम्युलेटर (फ्लॉपीची नक्कल करणारे ड्राइव्ह) बसतात, एका पेनड्राइव्हवर शेकडो डिस्क राहतात. मशिनमधली रॅम मात्र तेवढीच आहे, त्यामुळे लांब की आखूड हा प्रश्न १९८६ मध्ये होता तसाच समोर येतो. आणि जुन्या डिस्क कंप्युटरवर उतरवताना एक नुकसान सर्रास होतंय. लूप पॉइंट सॅम्पलसोबत हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) असतात, वेव्ह फाइलमध्येही त्यांच्यासाठी ठरलेली जागा आहे आणि लूप सरळ की अल्टरनेटिंग हेही तिथं लिहिता येतं, पण कितीतरी कन्व्हर्टर ते टाकूनच देतात आणि कितीतरी प्लेयर अल्टरनेटिंगला सरळ समजून वाजवतात. कुणीतरी तासन्‌तास बसून शोधलेला जोड त्यात जातो. डिस्क उतरवत असाल तर मूळ इमेज फाइल (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) जपून ठेवा, आणि लूपची सुरुवात, शेवट आणि जात वेगळी लिहून ठेवा.